आरोग्य कार्यकर्ती : निवड गावाची, जबाबदारी सर्वांची

नवजात अर्भकाला धाप लागली आहे, हे घरच्या मंडळींच्या ध्यानात येते तोवर पुष्कळदा रात्र झालेली असते. प्राथमिक आरोग्य केंद्र दूर असते, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलेले असते. अशा प्रसंगी श्वासांची गती मोजून धोका ओळखणारी आणि नेमके काय करावे हे सांगणारी व्यक्ती गावातच असेल, तर बालकाचे प्राण वाचू शकतात. अशी व्यक्ती निवडावी कशी आणि तिला तयार करावे कसे, हा ग्रामीण आरोग्यसेवेपुढील एक मूलभूत प्रश्न आहे.

पूर्वानुभवाचे धडे

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत पाठविण्यात आले. परंतु परक्या गावात एकटीने राहणे त्यांना कठीण गेले आणि गावकऱ्यांचा विश्वासही सहजी लाभला नाही. तेव्हा गावातीलच स्त्रियांना शिकविण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, काही दलित समाजातील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, थोडे शिकत, गावी जाऊन ते वापरीत आणि अडचणी घेऊन पुन्हा येत. अक्षरज्ञानापेक्षा गावाची जाण आणि सेवेची तळमळ यांचे मोल अधिक आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने देशव्यापी योजना हाती घेतली. निवडलेल्या कार्यकर्त्यास तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन, असे तिचे स्वरूप होते. मात्र बहुसंख्य ठिकाणी पुरुषांचीच निवड झाली. गरोदर व बाळंत स्त्रियांपर्यंत पोहोचणे त्यांना स्वाभाविकपणेच अवघड होते. निवडीत वशिल्याचाही शिरकाव झाला. हेतू चांगला असूनही योजना पुढे क्षीण होत गेली. निवड चुकली की प्रशिक्षणावरील खर्च व्यर्थ जातो, हा तिचा धडा होय.

निवडीचे निकष

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' योजना आली, तेव्हा हा अनुभव जमेस धरण्यात आला. साधारणतः १,००० लोकवस्तीमागे एक कार्यकर्ती, ती स्त्रीच असावी, त्याच गावची रहिवासी असावी आणि तिचे वय २५ ते ४५ वर्षे असावे, असे ठरले. विवाहित, विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य देण्यात आले. अविवाहित मुलगी विवाहानंतर गाव सोडून जाते आणि तिच्याबरोबर तिचे प्रशिक्षणही जाते, हे त्यामागील साधे कारण. शिक्षणाची अट प्रारंभी आठवीपर्यंतची होती.

वस्त्यावस्त्यांत चर्चा करून किमान तीन नावे काढावीत व त्यांतून ग्रामसभेने एक निवडावे, अशी मूळ पद्धत आहे. येथे पंचायत सदस्यांची कसोटी लागते. वजनदार घरातील सून निवडली आणि दलित वस्तीत किंवा पाड्यावर तिचे पाऊलच पडले नाही, तर ज्यांना सेवेची निकड सर्वाधिक आहे तीच घरे वंचित राहतात.

प्रशिक्षण : थोडे, परंतु सतत

आशांसाठी पहिल्या वर्षी पाच टप्प्यांत २३ दिवसांचे प्रशिक्षण ठरविण्यात आले. नंतर माता व बालकांच्या आरोग्यासाठी आणखी २० दिवसांची, चार फेऱ्यांची भर पडली. प्रशिक्षण तुकड्यांत देण्याचे कारण उघड आहे. घर, शेती आणि तान्हे मूल सोडून स्त्रीला महिनोन्‌महिने बाहेर राहता येत नाही. शिवाय दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात केलेले काम हाही शिक्षणाचाच भाग असतो.

या प्रशिक्षणाची शक्ती गडचिरोलीत दिसून आली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. वजन करणे, बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या करू लागल्या. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. रुग्णालयात प्रसूती झाल्यास सहा व घरी झाल्यास सात भेटी त्यात ठरलेल्या आहेत.

गावाचे कर्तव्य

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. परंतु गौरवाने दैनंदिन अडचणी सुटत नाहीत. औषधपेटी रिकामी राहिली, मोबदला वेळेवर मिळाला नाही किंवा तिने पाठविलेल्या रुग्णाची केंद्रात दखल घेतली गेली नाही, तर गावाचा तिच्यावरील विश्वास ओसरतो. पेटी भरलेली राहील व मोबदला रखडणार नाही, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. नोंदवह्या भरण्यात आणि आरोग्याचा संदेश घरोघरी पोहोचविण्यात शिक्षकांनी तिला साहाय्य करावे. ग्रामसभेने वर्षातून एकदा तरी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे. आरोग्य कार्यकर्ती गावाने निवडलेली असते. तिच्या पाठीशी उभे राहणे हे त्या निवडीचेच उर्वरित अर्धे काम आहे.