जुनी गाडी: नवी करायची की जपायची?



आजचा विषय जरा ग्रीसने माखलेला आहे. बंगळुरात रविवारी पहाटे कब्बन पार्कच्या बाजूने चक्कर मारलीत, तर कधीतरी एखादी साठ-सत्तर वर्षांची मोटार शेजारून जाताना दिसेल. बहुतेक वेळा ती आरशासारखी चकचकीत असते. पण क्वचित एखादी वेगळी असते. रंग विटलेला, क्रोम काळवंडलेलं, सीटच्या शिवणी उसवलेल्या, आणि इंजिन मात्र एकसुरात चाललेलं. अशी गाडी थांबली की लोक हमखास विचारतात, "अहो, एवढी छान गाडी, रंग का नाही देत?" मला हा प्रश्न जवळपास दर रविवारी येतो. आजचा भाग म्हणजे त्याचं सविस्तर उत्तर.

आधी गाडीची ओळख करून देतो. माझ्याकडे १९५६ सालची फियाट ११०० आहे. माझ्या काकांनी ती त्या वर्षाच्या सुरुवातीला बेळगावात घेतली. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि गाडी म्हैसूर राज्यात गेली. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. म्हणजे गाडी घराच्या दारातून हलली नाही, पण तीन राज्यांत राहून आली! काका गेल्यावर ती बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. शेवटी मी ती ट्रकवर चढवून बंगळूरला आणली.

या गाडीचं बंगळूरशी एक जुनं नातंही आहे, आणि ते फार लोकांना ठाऊक नसतं. हिंदुस्थानात मोटारी बनवायचा कारखाना हवा, ही कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात लावून धरली होती. ते परदेशातले कारखाने पाहून आले, योजना तयार केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद या कामात उतरले. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात कारखाना काढायची बोलणीही झाली, पण ब्रिटिश सरकारची साथ मिळाली नाही. मोटारीचा कारखाना राहिला आणि डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे एचएएल झाला. मोटारीचं स्वप्न त्यांनी मुंबईत पुरं केलं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी डॉज, प्लिमथ गाड्या, मग १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. हीच पुढे बदलत बदलत 'पद्मिनी' झाली, जिला आपण मुंबईची काळी-पिवळी म्हणून ओळखतो. त्यामुळे माझी फियाट बंगळूरला आली तेव्हा मी घरच्यांना म्हटलं, गाडी थोडी उशिरा पोचली, एवढंच.

आता मूळ प्रश्न. जुनी गाडी हातात आली की दोन रस्ते असतात. पहिला रस्ता रिस्टोरेशनचा. गाडी पूर्ण उघडायची, पत्रा खरवडायचा, नवा रंग, नवं क्रोम, नवी गादी. दुसरा रस्ता जतनाचा. जे मूळचं शिल्लक आहे ते राखायचं, सडणं थांबवायचं, आणि चालवण्यापुरती दुरुस्ती करायची.

आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराचं उदाहरण घ्या. पडलेली भिंत सावरणं हा जीर्णोद्धार झाला. पण काळ्या पाषाणावर ऑइल पेंटचे थर दिले की छिन्नीच्या खुणा त्याखाली गडप होतात. गाडीचंही तसंच आहे. मूळ रंग एकदा खरवडला की तो परत येत नाही. नवा रंग तुम्ही दहा वेळा देऊ शकता, पण कारखान्यातला पहिला रंग एकदाच मिळतो.

जगभरात हा विचार आता रुजला आहे. ऐतिहासिक वाहनांची 'फिवा' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून काम करते आहे. तिच्या 'ट्युरिन सनदे'चा गाभाच हा आहे की जुनी गाडी हा वारसा आहे, म्हणून कमीत कमी हात लावा आणि जे कराल त्याची नोंद ठेवा. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच इथे जुन्या गाड्यांची जगातली सर्वांत मानाची स्पर्धा भरते. तिथे वर्षानुवर्षं चकचकीत गाड्याच पहिल्या यायच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र १९३४ सालची एक बुगाटी पहिली आली, आणि तिचं रिस्टोरेशन झालेलं नव्हतं. जतन केलेल्या गाडीला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

हे ऐकून मीही भारावलो होतो. इतका भारावलो की एक मोठी चूक केली. ती सांगतो, कारण या छंदात सगळ्यात आधी शिकायची गोष्ट त्यातच आहे.

गाडी बंगळूरला आल्यावर मी ठरवलं, सगळं मूळचं ठेवायचं. शिवाजीनगरचे एक वयस्क मेस्त्री मदतीला मिळाले. त्यांनी पहिल्याच दिवशी चाकांकडे बोट दाखवून सांगितलं, "पैले रुकने का देखो साब, बाद में चलने का." मी ब्रेकचे ड्रम उघडून पाहिले. आतले रबरी कप वरून ठीक दिसत होते. मी म्हटलं, मूळचे आहेत, राहू देत. मेस्त्री काही बोलले नाहीत, पण मान हलवली.

काही आठवड्यांनी आम्ही दोघं नवरा-बायको नंदी हिल्सला गेलो. चढताना गाडी शहाण्यासारखी चालली. उतरताना तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर ते थेट तळाला गेलं. या गाडीत ब्रेकच्या तेलाची एकच लाइन असते. एका चाकाचा कप फाटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. मी गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घासून थांबवली. दरी दुसऱ्या बाजूला होती. बायको पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "तो रबराचा तुकडा आपल्यापेक्षा मौल्यवान होता का?"

त्या दिवसापासून मी गाडीच्या प्रत्येक भागाची तीन टोपल्यांत वाटणी करतो. तुम्हीही हा छंद सुरू केलात तर हीच वाटणी करा.

पहिली टोपली: जिवाशी गाठ असलेले भाग. ब्रेकचे रबर, होज, ब्रेकचं तेल, टायर, स्टिअरिंगचे सांधे, पेट्रोलच्या नळ्या, विजेची वायर. इथे 'मूळचं' हा शब्द उच्चारायचा नाही. सगळं नवं घालायचं. टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून तो चांगला असं समजू नका. रबर वयाने कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दहा वर्षांच्या पुढचा टायर मी वापरत नाही.

दुसरी टोपली: चालण्यासाठी लागणारे भाग. कार्ब्युरेटर, पाण्याचा पंप, डायनॅमो, क्लच. हे आधी दुरुस्त करून पाहायचे, अगदीच गेले तर बदलायचे. आणि काढलेला मूळ भाग फेकायचा नाही. कागदात गुंडाळून, तारीख लिहून पेटीत ठेवायचा. आपल्यानंतर कोणी जास्त जाणता येईल, त्याला तो लागेल.

तिसरी टोपली: जे गाडीची गोष्ट सांगतं. रंग, गादी, डायल, बारीकसारीक खरचटे. इथे हात आवरायचा. गंज असेल तिथे तो थांबवायचा, बाकी मऊ फडकं आणि मेण पुरे.

आता झोपलेली गाडी उठवायची कशी ते पाहू. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारणं म्हणजे इंजिनाचं नुकसान ओढवून घेणं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. आधी स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं आणि दोन-तीन दिवस थांबायचं. मग हाताने इंजिन हळूच फिरवायचं. अडलं तर जोर लावायचा नाही, परत तेल, परत वाट. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते पूर्ण काढून टाकी धुवायची. इंजिनातलं तेल आणि रेडिएटरमधलं पाणी बदलायचं. त्यानंतरच बॅटरी. आणि बॅटरीला एक तोडायचा स्विच आणि फ्यूज आवर्जून बसवा. जुन्या वायरींवरचं आवरण ठिसूळ झालेलं असतं, आणि गाड्या जळतात त्या बहुधा तिथूनच.

पेट्रोलबद्दल वेगळं सांगायला हवं. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरातच झाली, आणि आता देशभर पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये गंज धरतो. जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. उपाय साधे आहेत. नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्या. गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी गाडी चालवा. चालवणं हेच जतनाचं सगळ्यात स्वस्त औषध आहे.

बंगळुरात अशी गाडी चालवायची म्हणजे घड्याळ पाहून. हवा थंड आहे ही सोय, पण ट्रॅफिक जॅम हा शत्रू. जुन्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी असली की पंखाही मंद, आणि पाणी तापतं. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही आणि गाडी बंद पडते. याला व्हेपर लॉक म्हणतात. घाबरू नका. बॉनेट उघडा, नळीवर ओलं फडकं टाका, पंधरा मिनिटं थांबा. आणखी एक गंमत. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. इथे हवा विरळ, म्हणून किनाऱ्यावर जुळवलेला कार्ब्युरेटर इथे जास्त पेट्रोल पाजतो आणि प्लग काजळतात. मुंबई-गोव्याकडून गाडी आणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा अॅक्सिलरेटर, परत क्लच, मग गिअर. पहिले काही दिवस करकर आवाज येतो आणि शेजारचे रिक्षावाले हसतात. मग एके दिवशी गिअर न कुरकुरता बसतो. त्या क्षणी मनात जे होतं, ते नव्या गाडीत कधीच होत नाही!

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे लोक फसतात. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाची ५,०००. आधी भारतात नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदल्यास 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते. पण लक्षात घ्या, अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. मला दर रविवारी फिरायचं असतं, म्हणून मी साधी नोंदणीच ठेवली आहे आणि दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घेतो. दुसऱ्या राज्यातून गाडी आणलीत तर १२ महिन्यांच्या पुढे ती जुन्या नोंदणीवर ठेवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता शेवटी पुन्हा त्या रंगाकडे येऊ. गेल्या वर्षी चुलतभावाच्या मुलाचं लग्न ठरलं. भाऊ म्हणाला, "दादा, खर्च माझा. गाडी लालभडक करू, वरात तीतूनच काढू." नाही म्हणणं सोपं नव्हतं. गाडी त्याच्याच वडिलांची. मी त्याला म्हटलं, हो म्हणायच्या आधी काकूंना एकदा गाडी दाखवू.

काकू आल्या. नव्वदीच्या घरात आहेत. गाडीभोवती एक फेरी मारली आणि ड्रायव्हरच्या दारापाशी थांबल्या. त्या दाराच्या काचेखालच्या कडेवर वीतभर जागा आहे, तिथला रंग पार झिजून पत्रा गुळगुळीत झालाय. काका गाडी चालवताना कोपर तिथे टेकवायचे. तीस वर्षं. काकूंनी त्या जागेवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. भाऊ पाहत होता. नंतर रंगाचा विषय त्यानेच काढला नाही.

वरात त्याच गाडीतून निघाली, झेंडूच्या माळा घालून. ब्रेक आदल्या दिवशी मेस्त्रींनी स्वतः तपासले.

तर मंडळी, तुमच्या घरी, गावाकडे, एखाद्या शेडमध्ये जुनी गाडी, स्कूटर, अगदी सायकल असेल, तर रंगाचा डबा उघडायच्या आधी एक काम करा. वही घ्या, गाडीभोवती एक फेरी मारा, आणि कुठली खूण कोणाची आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. मग ठरवा, काय पुसायचं आणि काय राखायचं.

पुढच्या भागात कार्ब्युरेटर उघडून बसू. तोवर गाडी हळू चालवा, आणि ब्रेक तपासल्याशिवाय घाटात जाऊ नका. नमस्कार!