मेगापिक्सेल जास्त, तरी फोटो खरखरीत का?

दुपारी अंगणात स्वच्छ येणारा फोटो रात्री लग्नाच्या मांडवात काढला, की काळ्या भागात रंगीत ठिपके दिसू लागतात. कॅमेरा तोच, हातही तोच.

भिंगामागच्या सेन्सरवर कोट्यवधी बारीक घरं असतात. पावसात मांडून ठेवलेल्या भांड्यांसारखी ती प्रकाश साठवतात. परातीत भरपूर जमतं, वाटीत थेंबभर. रात्री मुळात प्रकाशच कमी, मग कॅमेरा त्यातून मिळणारा क्षीण संकेत वाढवतो आणि त्यातला चढउतारही वाढतो. ठिपके येतात ते तिथून.

स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला सेन्सर बहुधा जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. त्यावर मेगापिक्सेल वाढवायचे म्हणजे घरं आणखी बारीक करायची! 'एक इंची' सेन्सर असतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. इंच फक्त नावापुरता, पण क्षेत्रफळ चौपट. किंमतही चढीच.

खिसा आखडता असेल, तर सेन्सर सारखाच असलेल्या दोन कॅमेऱ्यांत भिंगाचा 'एफ' आकडा पाहा. १.८ चं भिंग ३.५ च्या भिंगापेक्षा जवळपास चौपट प्रकाश आत घेतं. झूम ताणला की हा आकडा बहुधा वाढतो, म्हणून भिंगावर छापलेले दोन्ही आकडे वाचा. डिजिटल झूमच्या जाहिरातीला मात्र भुलू नका. तो फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतो, एवढंच.