दुर्मिळ कर्करोग आणि तज्ज्ञ उपचार : धार-देवासच्या रुग्णांसाठी काही माहिती

क्षयाने ग्रासलेले पंडित कुमार गंधर्व १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले, तेव्हा ते अवघे तेवीस-चोवीस वर्षांचे होते. माळव्याच्या कोरड्या हवेचा लौकिक त्या काळी मोठा होता. परंतु त्यांना अंथरुणावरून उठविले ते केवळ हवेने नव्हे. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या वेळी नवे असलेले औषध आणि पत्नी भानुमतीबाईंनी केलेली शुश्रूषा, या दोहोंच्या बळावर ते पुन्हा गाऊ लागले. रोगाला नेमके लागू पडणारे औषध आणि रुग्णाजवळ बसणारे माणूस या दोन्ही गोष्टींची आवश्यकता दुर्मिळ कर्करोगाच्या रुग्णाला तर विशेषच भासते.

दुर्मिळ कर्करोग कशास म्हणावे? युरोपातील तज्ज्ञांनी ठरविलेल्या व्याख्येनुसार, एक लाख लोकसंख्येत वर्षाला सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळणारा कर्करोग हा दुर्मिळ होय. असे सुमारे दोनशे प्रकार आहेत. प्रत्येक प्रकाराचे रुग्ण थोडे. मात्र सर्वांची बेरीज केली तर युरोपात एकूण कर्करोगांपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्यांचाच भरतो. तंबाखू, स्तन किंवा गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाविषयी आम्ही प्रसिद्धी खात्याची मंडळी भित्तिपत्रके काढतो. दोनशे रोगांची दोनशे भित्तिपत्रके निघत नाहीत, आणि निघाली तरी ती वाचणार कोण? त्यामुळे रुग्णाला रोगाचे नावही प्रथमच ऐकू येते, आणि पुष्कळदा त्याच्या गावच्या डॉक्टरांनीही तसा रुग्ण पूर्वी पाहिलेला नसतो. यात त्या डॉक्टरांचा दोष नाही.

हानी होते ती घाईने. मांडीत किंवा दंडात खोलवर गाठ येते, दुखत नाही, म्हणून ती ‘चरबीची गाठ’ समजून तालुक्याच्या गावी कापून काढली जाते. नंतर ती मांसल भागाचा कर्करोग, म्हणजे सार्कोमा, असल्याचे निष्पन्न होते. अशी अर्धवट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णावर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल असलेली वा वाढत जाणारी गाठ असेल तर आधी एमआरआय, मग सुईने तुकडा घेऊन तपासणी आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया, हा क्रम मोडू नये. पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाच्या सल्ल्यानेच सुई टोचण्याची जागा ठरावी, हे उत्तम. शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनी आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. लहान मुलाच्या डोळ्याची बाहुली उजेडात अथवा छायाचित्रात पांढरी चमकत असेल, तर तो डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असू शकतो. वेळीच उपचार झाल्यास मुलाचे प्राण वाचतात व अनेकदा डोळाही वाचतो.

तज्ज्ञ कोठे आहेत? देवासहून इंदूर पस्तीस-छत्तीस किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. पहिली तपासणी तेथे अवश्य करावी. मात्र रोग दुर्मिळ ठरला, तर निदानाची फेरतपासणी ते नित्य पाहणाऱ्यांकडून करवून घ्यावी. मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथे अवयवानुसार तज्ज्ञांचे स्वतंत्र गट आहेत; शल्यविशारद, औषधतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवितात. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज देशातील तीनशेहून अधिक संस्था सहभागी आहेत. तेव्हा मुंबईत ठरलेला उपचार पुढे घराजवळ घेता येईल काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

आपल्याकडील मराठी कुटुंबांचा पुण्या-मुंबईत कोणी ना कोणी नातेवाईक असतोच. त्याच्या घरी उतरावे. परंतु डॉक्टर त्याच्या ओळखीने निवडू नये. ज्यांचे तेथे कोणी नाही त्यांनी परळची नाना पालकर स्मृती समिती किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा येथे निवाऱ्याची चौकशी करावी.

सोबतीचे मोल रक्ताच्या एका कर्करोगाने उत्तम दाखवून दिले आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रोगामागील विकृत गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी सापडले, आणि त्या दोषावर नेमका घाव घालणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये तेथे मान्य झाली. मूळ कंपनीचे औषध महिन्याला सव्वा लाखाच्या घरात पडे. भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. परंतु गोळी मिळाली म्हणजे काम संपत नाही. ती बहुतेकांना वर्षानुवर्षे, एकही दिवस न चुकविता घ्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीने रक्त तपासावे लागते. बरे वाटू लागताच गोळी सोडणारे रुग्ण पुन्हा संकटात सापडतात. अशा वेळी ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा रुग्णांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा मेळा उपयोगी पडतो. या रोगाने गेलेल्या मॅक्स नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ १९९७ साली स्थापन झालेल्या मॅक्स फाउंडेशनशी तो निगडित आहे. दहा वर्षे गोळी घेत असलेला शेतकरी नव्या रुग्णाला ‘मी आहे ना’ म्हणतो, तेव्हा जे पटते ते आमच्या पत्रकाने पटत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

खर्चाविषयी. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. हे कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयांतही चालते. मात्र निघण्यापूर्वी त्या रुग्णालयात खात्री करून घ्यावी. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात पूर्ण, आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते भरून घेण्यास गावचे शिक्षक व ग्रामसचिव यांनी साहाय्य करावे.

जाताना केवळ अहवालाचे कागद नेऊ नयेत. तपासणीच्या मूळ स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्यावेत. ते मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे, आणि त्यांवाचून फेरतपासणी अडते. सारे तारखेच्या क्रमाने एका पिशवीत ठेवावे व पिशवी सामानाच्या पेटीत न टाकता हाताशी बाळगावी.