कुंडींतील झाडांची विश्रांति

दिवाळी सरली, तुळशीचें लग्न झालें, कीं ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील घरांच्या सज्जांत एक दृश्य हमखास दिसूं लागतें. श्रावणांत जिचीं पानें पातोळ्यांसाठीं तोडलीं, तीच हळद पिंवळी पडून आडवी होते; मोगऱ्याला कळी येत नाहीं. मग कोणी कळवळून रोज अधिक पाणी घालतें, तर कोणी झाड मेलें असें समजून कुंडी रिकामी करतें. थंडीनें जी हानि झाली नसती, ती या उपायांनीं होते.

थंड देशांत हिवाळ्यांत कुंडींतील पाणी गोठतें व मुळें मरतात. म्हणून तेथें कुंड्या तळघरांत हलवितात. ठाण्याच्या खाडीकांठीं पारा गोठणबिंदूजवळ कधींच येत नाहीं. येथील विश्रांतीचें मुख्य कारण कोरडेपणा होय. वर्षाकांठीं सुमारें २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. शिवाय जूनमधील सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरांत अकरा तासांवर येतो. येऊरच्या डोंगरांतील रानहळद व कळलावी पावसाबरोबर वर येतात आणि तो सरल्यावर अन्नाचा सांठा कंदांत ठेवून दिसेनाशा होतात. कुंडींतील हळदहि त्याच वळणाची आहे.

म्हणून हळदीचीं पानें हिरवीं असेपर्यंत कापूं नयेत. वाळतां वाळतां तीं आपलें सत्त्व कंदाला देत असतात. तीं पिंवळीं होतांच पाणी कमी करावें आणि वाळल्यावर बंद करावें. पानें नसलेला कंद पाणी ओढीत नाहीं. माती ओली राहिली तर हवा कोंडते व कंद कुजतो. कुंडी सावलींत ठेवावी, किंवा कंद काढून कोरड्या वाळूंत ठेवावे. अक्षय्यतृतीयेनंतर टणक, डोळे फुगलेले कंद नव्या मातींत लावावे. कळलावीचे, म्हणजे गौरीच्या हातांचे, कंदहि असेच ठेवावे. मात्र त्यांत कोल्चिसीन हें जहाल विष असल्यानें त्यांवर नांव लिहून तीं मुलांपासून व स्वयंपाकघरापासून दूर ठेवणें अत्यावश्यक आहे.

मोगऱ्याची रीत निराळी. त्याला कंद नाहीं; कोरडा टाकल्यास तो मरेल. मार्गशीर्षांत दोन-तीन आठवडे पाणी कमी करावें, पण फांदी सुकूं देऊं नये. बागाईतदार यालाच ताण देणें म्हणतात. नंतर फांद्या सुमारें एक-तृतीयांश छाटाव्या, वरची दोन बोटें माती काढून शेणखत भरावें आणि कुंडी उन्हांत ठेवून पाणी सुरू करावें. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. म्हणून ही छाटणी म्हणजे फाल्गुन-चैत्रांतल्या फुलांची पेरणीच होय.

तुळशीला मात्र ताण देऊं नये. मंजिऱ्या वेळीं खुडाव्या, म्हणजे बीं धरण्यांत तिची शक्ति खर्ची पडत नाहीं. आणि वरची माती सुकल्यावरच पाणी घालावें.

तरीहि शंका वाटलीच, तर कुंडी टाकण्यापूर्वीं फांदीची साल नखानें किंचित् खरवडावी, कंद बोटानें दाबून पाहावा. सालीखालीं हिरवें दिसलें, कंद घट्ट लागला, तर झाड जिवंत आहे. त्याला औषध नको. पावसाळ्यापर्यंत थोडा धीर हवा.