अर्नाळा: बेटाचे नाव, पाणबुडीचा वैरी

विरार स्टेशनाच्या पश्चिमेला अर्नाळ्याची बस मिळते. सुकेळीसाठी नावाजलेली आगाशी मागे पडते, वाड्या विरळ होतात आणि समोर किनारा येतो. तिथून होडीने अर्नाळा बेट गाठायचे. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, कालिकामातेचे देऊळ आहे आणि वैतरणेच्या मुखावर नजर ठेवून उभा असलेला मराठ्यांचा किल्ला आहे. याच बेटाचे नाव घेऊन आज भारतीय नौदलाची एक युद्धनौका समुद्रात आहे. तिचे मुख्य काम, किनाऱ्याजवळ आलेली पाणबुडी शोधणे आणि बुडवणे.

हे नाव तिला का शोभते, ते कळण्यासाठी आधी किल्ल्याकडे पाहावे लागते. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून अर्नाळा घेतला आणि बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेने इथे नव्याने तटबंदी उभी केली. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. वसईसमोर अर्नाळा आकाराने लहानच. पण वैतरणेची खाडी त्याच्या माऱ्यात होती आणि खाडीतून आत जाणारे प्रत्येक गलबत त्याच्या नजरेखालून जात होते. मोठ्या मोहिमेत लहान ठाण्याने दारावर बसून राखण करायची, हा या बेटाचा जुना धर्म आहे.

पाणबुडीने दाराची ही कल्पनाच बदलून टाकली. २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी उत्तर समुद्रात ओटो वेडिगेन या जर्मन अधिकाऱ्याच्या यू-९ या पाणबुडीने अबूकिर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर दीड तासाच्या आत बुडवल्या. प्रत्येक क्रूझर बारा हजार टनांची होती, तर पाणबुडी जेमतेम पाचशे टनांची. पहिले जहाज सुरुंगाने बुडत असावे असे समजून बाकीची दोन मदतीला थांबली आणि तीच सावज झाली. १,४५९ माणसे गेली. पाण्याखालून येणाऱ्या शत्रूला हुडकायला त्या दिवशी त्या जहाजांवर एकही साधन नव्हते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये वेडिगेनचा अंत झाला, त्यातही हीच उणीव दिसते. त्याची नवी पाणबुडी यू-२९ पृष्ठभागाजवळ दिसताच ड्रेडनॉट या प्रचंड युद्धनौकेने सरळ तिच्यावर धडक मारली. ज्या जहाजाच्या तोफांनी साऱ्या जगाच्या नौदलांचा हिशेब बदलला होता, त्याला पाणबुडीशी लढायला आपले नाकच वापरावे लागले.

मग शोध सुरू झाले. पाण्यात हायड्रोफोन सोडून पाणबुडीच्या पंख्याचा आवाज ऐकायला खलाशी बसू लागले. १९१६ मध्ये तीनशे पौंड स्फोटकाचा डेप्थ चार्ज आला. पाण्याचा दाब ठरावीक खोलीइतका झाला की तो आपोआप फुटे. फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हँ यांनी स्फटिकाच्या साहाय्याने पाण्यात ध्वनिलहर सोडून तिचा परतलेला प्रतिध्वनी पकडण्याची युक्ती साधली. आजच्या सोनारचे मूळ तिथे आहे. ब्रिटिशांनी अमेरिकी एल्को कंपनीकडून साडेपाचशे मोटार लाँच मागवल्या. लाकडी, हलक्या आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्या या बोटी पाणबुडीच्या मागावर सोडल्या गेल्या. उथळ पाण्यात लहान बोटच पहारा देऊ शकते, हा धडा तेव्हा गिरवला गेला.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या आपल्या किनाऱ्यापर्यंत आल्या नाहीत, पण पाण्याखालचे संकट आले. कार्ल ऑगुस्ट नेर्गर यांचे वोल्फ हे जर्मन जहाज साध्या मालवाहू बोटीच्या वेषात नोव्हेंबर १९१६ मध्ये कीलहून निघाले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबो व मुंबईबाहेर सुरुंग पेरून निघून गेले. ते मायदेशी परतले ४५१ दिवसांनी. मधल्या काळात, २३ जून १९१७ रोजी, मुंबईकडे येणारी पी अँड ओ कंपनीची मंगोलिया ही प्रवासी बोट त्यातल्याच एका सुरुंगावर आदळून बुडाली. सुरुंग पेरल्याला चार महिने झाले होते आणि ऐन पावसाळ्याचे दिवस होते. आपल्या दारातले पाणी विश्वासाचे राहिले नाही, हे मुंबईला त्या दिवशी कळले. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच अंत झालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. त्यांना दुसरी कबर नाही, समाधी नाही.

स्वतंत्र भारताने पाण्याखालच्या या धोक्याची किंमत ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री मोजली. दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. खुकरी स्वतः पाणबुडीविरोधी फ्रिगेट होती. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत. त्यानंतर सहा महिन्यांनी, २९ जून १९७२ रोजी, पहिली आयएनएस अर्नाळा नौदलात आली. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडीविरोधी नौका जवळजवळ २७ वर्षे राबली आणि ९ एप्रिल १९९९ रोजी निवृत्त झाली.

दुसरी अर्नाळा १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत दाखल झाली. कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने एल अँड टीच्या साथीने ती बांधली. उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी लढाईसाठी मागवलेल्या सोळा नौकांमधली ही पहिली. लांबी ७७.६ मीटर, वजन १,४९० टनांच्या वर, आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक सामग्री देशी. तिला पंखे नाहीत. डिझेल इंजिनांच्या जोरावर पाणी ओढून मागे फेकणारे वॉटरजेट तिला पुढे ढकलतात. अशा रचनेवर चालणारी ही आपल्या नौदलातली सर्वांत मोठी युद्धनौका. तिचा तळ पाण्यात तीन मीटरही खोल जात नाही. मोठी विनाशिका जिथे जपून चालते, तिथे ही मोकळी फिरते. पाणबुडी सापडली तर मारा करायला तिच्यावर टॉर्पेडो आणि पाणबुडीविरोधी रॉकेट आहेत.

पण आधी ती सापडली पाहिजे, आणि उथळ पाण्यात खरी परीक्षा कानांची असते. ध्वनिलहर तळावर आपटते, पृष्ठभागावरून उलटते आणि एकाच आवाजाचे अनेक प्रतिध्वनी येतात. त्यात ट्रॉलरच्या इंजिनांचा कल्लोळ. उन्हाने वरचे पाणी तापले की लहर खाली वाकते आणि पाणबुडी त्या थराच्या आडोशाला लपते. म्हणून अशा नौकेला तळाशी बसवलेल्या सोनारबरोबर हव्या त्या खोलीवर सोडता येणारे सोनारही लागते. मुंबई-गुजरातसमोर तर समुद्रतळ शेकडो किलोमीटर उथळच राहतो. मुंबई हायच्या तेलविहिरी उभ्या आहेत तिथे पाणी अवघे ७५ मीटरच्या आसपास आहे. देशाचे तेल, बंदरे आणि मासेमारी याच पाण्यावर आहे.

अर्नाळ्याच्या कोळ्याला यातले काही नवे वाटणार नाही. तळात खुंट रोवून डोल जाळे लावणाऱ्याला चिखल कुठे, रेती कुठे, उधाणाला ओढ किती आणि भांगाला किती, हे ठाऊक असावेच लागते. न दिसणारे पाणी ओळखणे ही त्याची विद्या. सोनारच्या पडद्यासमोर बसलेला नौसैनिकही यंत्राच्या मदतीने तेच करत असतो. लढाऊ जहाजाची थोरवी टनांत आणि तोफांत मोजायची सवय आपल्याला आहे. पण यू-९ ने ती १९१४ सालीच खोटी ठरवली, आणि अर्नाळ्याच्या किल्ल्याने त्याही आधी. किनारा तोच राखतो, ज्याला आपल्या दारातले पाणी कळते.

नव्या नौकेचे ब्रीद आहे ‘अर्णवे शौर्यम्’, समुद्रातले शौर्य. वसई-विरारच्या शिक्षकांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे की मुलांना अर्नाळ्याला न्याल तेव्हा फक्त बुरूज आणि देवळे दाखवून परतू नका. तटावर उभे राहून वैतरणेचे मुख दाखवा, आणि याच बेटाचे नाव सांगत एक जहाज आज देशाचे दार राखते आहे, हेही सांगा.