आत्याबाईंची कूस बदलताना

भाकऱ्या झाल्या असतील, भांडी राहिली असतील, तर राहू देत थोडा वेळ. आज आम्ही बोलणार आहोत अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल, आणि त्याचं सगळं करणाऱ्या बाईबद्दल.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. गेल्या वर्षी ज्वारी काढणीच्या दिवसांत आमच्या गटातल्या एकीच्या सासूला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सहा दिवस दवाखान्यात ठेवलं आणि घरी पाठवलं. कागदावर गोळ्या लिहिल्या, 'घरी नीट सेवा करा' असं तोंडी सांगितलं. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी करून दाखवलं नाही. आम्ही केळी-बिस्किटं घेऊन भेटायला गेलो, चहा प्यालो, 'सगळं ठीक होईल' म्हणून उठून आलो. पुढं तीन बैठकांना ती आली नाही, म्हणून वहीत तिच्या नावापुढं तीस रुपये दंडही मांडला.

चौथ्या आठवड्यात आमची आशाताई त्या घरी गेली. तिनं चहा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाईंची पाठ दाखव." माकडहाडावर जुन्या रुपयाएवढी जखम होती, बोटाचं पेर आत जाईल एवढी खोल. खोलीत वास येत होता, पण घरच्यांना वाटायचं लघवीचा आहे. पोर ढसाढसा रडली. "मी रोज अंग पुसते, रोज लुगडं बदलते. मी कशात कमी पडले?"

ती कुठंच कमी पडली नव्हती. तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती आम्हालाही ठाऊक नव्हती.

आपण झोपेत नकळत कूस बदलतो. एका अंगावर दबून हात बधिर झाला की आपोआप वळतो. लकवा झालेल्या माणसाला वळता येत नाही, आणि कित्येकदा दुखतंय हेही कळत नाही. मग हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेपून राहते, तिथं रक्त पोचत नाही, आणि आतलं मांस मरायला लागतं. वरून फक्त डाग दिसतो. माकडहाड, टाचा, घोटे, खुबे, कोपरं, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज बघायच्या. डागावर बोट दाबून सोडा. रंग फिका पडून परत आला तर कातडी अजून शाबूत आहे. डाग तसाच राहिला तर जखमेची सुरुवात झाली समजा. आपल्या सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हातानं चाचपायचं. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा काळपट लागते.

उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलायची. घड्याळाकडं बघत बसायला कुणाला वेळ आहे? आमच्या या मैत्रिणीनं गावाच्या आवाजांवर वेळ बसवली. दुधाची गाडी आली की डावी कूस, शाळेची घंटा झाली की उताणं, आपल्या रेडिओचा दुपारचा कार्यक्रम सुरू झाला की उजवी कूस. कुशीवर पूर्ण आडवं करायचं नाही, नाहीतर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागं गोधडीची वळकटी लावून थोडं कलतं ठेवायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, आणि पोटऱ्यांखाली घडी ठेवून टाचा अधांतरी ठेवायच्या. माणसाला ओढून सरकवू नका, ओढताना कातडी सोलवटते. अंगाखाली कमरेपासून खांद्यापर्यंत चादरीची दुहेरी घडी घालून ठेवा, आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून उचलून वळवा. रात्रीचं काय, असं तुम्ही विचाराल. जाड गादी किंवा हवेची गादी असेल आणि सकाळी कुठं डाग दिसत नसेल, तर रात्रीचं अंतर थोडं वाढवता येतं. ते नर्सताईंना विचारून ठरवा. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायचं मात्र थांबत नाही. शिवाय ती विजेवर चालते, आणि आपल्याकडची वीज तुम्हाला माहीतच आहे.

काही गोष्टी प्रेमापोटी केल्या जातात आणि उलट्या पडतात. सायकलची ट्यूब फुगवून तिच्यावर बसवतात. त्या कड्यानं भोवतालचं रक्त अडतं आणि मधली जागा आणखी बिघडते. लाल झालेली जागा तेल लावून रगडतात, त्यानं आतलं मांस जास्त फाटतं. उघड्या जखमेत हळद, राख, पावडर भरतात. काही भरू नका. पाणी उकळून गार करून त्यात डोळ्याच्या पाण्याइतकंच खारट लागेल एवढं मीठ घालून जखम धुवायची, स्वच्छ पट्टी ठेवायची आणि नर्सताईंना दाखवायची. पू, काळं पडलेलं मांस, घाण वास किंवा ताप असेल तर दवाखाना गाठायचाच. आत्याबाईंची जखम भरायला पाच महिने लागले. जेवणात रोज डाळ, अंडं, दूध यांपैकी काही ना काही ठेवलं होतं, कारण जखम भरून यायला अंगात काही जावं लागतं.

जेवणावरून आठवलं. लकव्यात गिळण्याचे स्नायूही ढिले पडतात. आडवं ठेवून चमच्यानं पाणी पाजलं तर ते श्वासनळीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चांगल्या बाजूनं लहान घास द्यायचा. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा मऊ खिचडी गिळायला सोपी जाते. पिताना ठसका लागत असेल, किंवा खाल्ल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल, तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. आजारी बाजूच्या गालात घास अडकून राहतो, तो बोटाला कापड गुंडाळून काढायचा. आणि उठवताना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला नवारीचा पट्टा किंवा ओढणी बांधून तिथं धरायचं, आपले गुडघे वाकवायचे, आपली कंबर नाही.

बोलण्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथं माणसाचा फार अपमान होतो. बोलता येत नाही म्हणून लोक मोठ्यानं बोलतात, जणू ती बहिरी आहे. तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलतात, जणू ती तिथं नाहीच. पुष्कळदा तिला बरंचसं कळत असतं, फक्त शब्द सापडत नसतो. आत्याबाई पाणी हवं असताना 'गाय' म्हणायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या. घरचे म्हणायचे, म्हातारी हट्टी झाली. 'पाणी हवं?' असं विचारून मान हलवायला सांगितलं की भांडण मिटतं. आणि एक नवल आम्ही डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं, त्या आत्याबाई सुनेनं जात्यावरची ओवी गुणगुणल्यावर तिच्याबरोबर अख्खी ओळ म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं. गाणं मेंदूत थोड्या वेगळ्या वाटेनं येतं. तेव्हापासून अंग पुसताना त्या घरात ओव्या असतात.

आता सुनेबद्दल. सकाळी पाचला उठून रात्री तीनदा जागायचं, मजुरी बुडवायची, कंबर धरायची, आणि पुण्याहून नणंदेनं फोनवर विचारायचं, "आईला वेळेवर देतेस ना गं?" आमच्यातल्या बऱ्याच जणी या जागेवरून गेल्या आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीचा कायदा २००७ साली झाला. त्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर टाकली आहे. त्या यादीत सून नाही. आम्ही हे बैठकीत वाचलं तेव्हा क्षणभर सगळ्या गप्प, आणि मग अशा हसलो की बाहेर बसलेले पुरुष डोकावून गेले. सुनेनं करू नये असं आमचं म्हणणं नाही. माया असते, ती करते. पण मुलगा हात लावत नसेल तर त्याला विचारायला हरकत नाही.

त्या घरात मुलाला आधी अवघड गेलं. 'आईचं अंग मी कसं पुसू?' ठीक आहे, अंग बायको पुसेल. पण चादर धरून कूस बदलायला, खुर्चीत बसवायला, रात्री बाराचा फेरा करायला कसली लाज? आता रात्री बाराचा आणि पहाटे चारचा फेरा त्याचा आहे. नणंद महिन्यातून चार दिवस येऊन राहते. दंडाचे तीस रुपये आम्ही वहीतून खोडले आणि ठराव केला, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर गैरहजेरीचा दंड नाही, आणि आठवड्यातून दोन दिवस गटातली एक जण दोन तास त्या घरी बसेल. त्या दोन तासांत तिनं कामं करायची नाहीत, झोपायचं. पहिल्यांदा ती झोपलीच नाही, धान्य निवडत बसली. दुसऱ्या आठवड्यात झोपली.

पैशांचं थोडक्यात. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र मिळतं. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा, आणि वय ६५ च्या पुढं असेल तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा. २०२३ पासून त्यात महिना १५०० रुपये झाले. दिव्यांगांसाठी रक्कम त्याहून वाढवली आहे, नेमकी किती ते तिथं विचारून घ्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. त्यातून कमोड खुर्ची किंवा चाकाची खुर्ची मागता येते, ग्रामसभेत तोंड उघडावं लागतं एवढंच. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड निघतं. काही अडलं, घरात म्हाताऱ्या माणसाचा छळ होत असेल तरीही, १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फुकट फोन आहे.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडायला लागला, जीभ अडखळली, तर वाट बघू नका, तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आत्याबाईंना दुपारी झालं होतं, आणि आपण त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं.

येत्या गुरुवारी दुपारी तीनला समाजमंदिरात आशाताई कूस बदलायची पद्धत करून दाखवणार आहे. आडवं पडायला आमच्यातली एक जण तयार आहे, तिचं वजन पंच्याहत्तर किलो, त्यामुळं सराव चांगला होईल. येताना घरातली एक जुनी, मजबूत चादर आणा, आणि जमलं तर घरातल्या एका पुरुषालाही आणा.