जनरेटर बंद ठेवण्याचं शास्त्र

आफ्रिकेत हजारो मोबाइल टॉवर अशा ठिकाणी उभे आहेत, जिथे विजेची तार पोचलेली नाही. पोचली असली तरी वीज भरवशाची नाही. तिथे टॉवर चालतो डिझेलवर. कच्च्या रस्त्यांनी इंधन पोचवायचं, चोरी सोसायची आणि वरचेवर जनरेटर दुरुस्त करायचा, हा खर्च अखेर ग्राहकाच्याच माथी बसतो. स्वीडनच्या फ्लेक्सएनक्लोजर कंपनीने अशा टॉवरसाठी 'ई-साइट' ही हायब्रिड वीजप्रणाली तयार केली. सौर पॅनेल, बॅटरी, जनरेटर आणि असेल तेव्हा ग्रिड, असे चारही स्रोत तीत एकत्र नांदतात.

अशा प्रणालीचं मर्म सौर पॅनेलपेक्षा, जनरेटर कधी चालवायचा हे ठरवणाऱ्या नियंत्रकात आहे. समजा, टॉवरला २ किलोवॉट वीज लागते. जनरेटर मात्र १२ किलोवॉटचा असतो, कारण एसी सुरू होतानाचा झटका आणि बॅटरीचं चार्जिंगही त्यालाच पेलायचं असतं. इतक्या कमी भारावर तो चोवीस तास चालला, तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी साचते आणि प्रत्येक युनिटमागे इंधन जास्त लागतं. टॉवरची दिवसाची गरज ४८ युनिटांची. तोच जनरेटर १० किलोवॉटवर चालवून बॅटरी भरली, तर वाया जाणारी वीज धरूनही साधारण साडेपाच-सहा तासांत काम भागतं. ऊन मिळालं की हे तास आणखी घटतात.

इथे बॅटरीची तब्येत सांभाळावी लागते. शिसे-आम्ल बॅटरी शेवटच्या टप्प्यात फार हळू भरते. तेवढ्यासाठी जनरेटर चालू ठेवणं म्हणजे पुन्हा कमी भाराचा तोटा. पण ती कायम अर्धवट भरलेली राहिली, तर प्लेटांवर सल्फेट जमतं. म्हणून एरवी चार्जिंग पूर्ण होण्याच्या थोडं आधीच थांबवायचं आणि ठरावीक काळाने एकदा ती पूर्ण भरायची. उष्णतेचंही भान हवं. २५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान दर १० अंशांनी वाढलं, की या बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं.

टॉवर असो वा डेटा सेंटर, कारागीर आणि सुटे भाग दूर असतील, तर अवघड काम आधीच कारखान्यात उरकलेलं बरं. याच विचारातून प्रीफॅब डेटा सेंटर आलं. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ मध्ये २० फुटी कंटेनरात आख्खं डेटा सेंटर बसवून दाखवलं. फ्लेक्सएनक्लोजरचं 'ई-सेंटर' मात्र अनेक भाग जोडून उभी राहणारी इमारत. भिंती, वायरिंग, शीतकरण, यूपीएस, अग्निशमन हे सगळं कारखान्यात बसवता येतं. मग सर्व्हरइतकी उष्णता देणारे हीटर लावून चाचणी करायची आणि भाग सुटे करून जहाजाने पाठवायचे. तोवर जागेवर पाया तयार होतो. महिने वाचतात आणि दुरुस्ती जिथे सोपी, तिथेच दोष सापडतात.

जनरेटर कमी वेळ, पण पुरेशा भारावर चालवण्याचा धडा आपल्यालाही लागू आहे. भारताच्या दूरसंचार विभागाने २०१२ मध्ये निम्मे ग्रामीण टॉवर २०१५ पर्यंत हायब्रिड विजेवर आणण्याचा निर्देश दिला होता. असं उद्दिष्ट नुसती पॅनेलं मोजून साधत नाही. टॉवरची निविदा काढताना पहिला प्रश्न हवा तो हा: जनरेटर वर्षाला किती तास चालेल, आणि चालेल तेव्हा किती भारावर? डिझेल खरोखर किती वाचणार, ते या दोन आकड्यांवरच ठरतं.